सागवानाला सागवानाचा रंग

जोह्याचा दिनानाथ तुम्हाला कधी भेटला, तर त्याच्यासमोर कुठल्याही वस्तूला 'जरा खराब झालीय' असं म्हणू नका. तो ती वस्तू तुमच्या हातातून काढून घेईल, डोळ्यांजवळ नेईल, अंगठ्याने खरवडेल आणि म्हणेल, "द्या इकडं. फिनिशिंग मारून देतो." माझ्या चष्म्याची दांडी, शेजारणीच्या वरवंट्याची चीर, शाळेतल्या पृथ्वीच्या गोळ्यावरचा फाटलेला आफ्रिका खंड, सगळ्यांना त्याने फिनिशिंग मारलेलं आहे. माझ्या दुकानाची एक पायरी तुटली होती, तीही त्याने अशी सुरेख करून दिली की ती अखंड आहे असं समजून माझे सासरे तिच्यावर निर्धास्त उभे राहिले आणि पडले. सासरे पंधरा दिवस झोपून होते. दिनानाथ भेटायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "पन वळखू आली नाय ना, शेठ?"

माझं पेणमध्ये रामवाडीला रंगांचं दुकान आहे. जोहे-हमरापूरकडचे गणपतीवाले माझं गिऱ्हाईक. त्यांना रंग विकून मी घर बांधलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलणं मला शोभत नाही, पण दिनानाथबद्दल बोलल्याशिवाय राहवतही नाही.

छप्पन्न वर्षांचा, काटकुळा माणूस. केसांत बारा महिने पांढरी पूड. पंचविशीत असतानाही तो म्हातारा दिसायचा. आता वयाने त्याला गाठलं, एवढंच. कारखान्यात त्याचं मुख्य काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. बाकीचा गणपती कोणीही रंगवावा, डोळे मात्र दिनानाथनेच काढावेत. श्रावणात एका दिवसात दोन-दोनशे मूर्तींचे डोळे काढतो. त्या वेळी बाजूला कोणी शिंकलं तरी त्याच्या अंगावर धावून जातो. मध्यंतरी त्याने कागदाचा लगदा, डिंक आणि खडूची पूड कालवून एक मिश्रण तयार केलं. वजनाला हलकं, हाताला मऊ आणि पाण्यात तीन तासांत विरघळणारं. पर्यावरणवाल्यांच्या कुठल्याशा स्पर्धेत त्याला त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने फ्रेम करून कारखान्यात देवाच्याही वर लावलं आहे.

हा एवढा मोठा कलावंत विसर्जनाला मात्र कधी जात नाही. विचारलं की म्हणतो, पाण्याची भीती वाटते. खरोखरच गुडघ्याच्या वर पाण्यात तो कधी गेलेला नाही. गावातली पोरं त्याला यावरून चिडवतात आणि तो त्यांना पोरं म्हणून सोडून देत नाही, आईबापांसकट उद्धार करतो.

आणि अशा माणसाची बायको खाडीकाठची. बायजा. रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या काठच्या एका खारपट्टीतल्या गावची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिचा धाकटा भाऊ पोपट यंदा सरपंचकीला उभा राहणार आहे आणि मला पेणमध्ये सुखाने जगायचं आहे. बायजाचे वडील पुंडलिक आयुष्यभर शिडाची एक लहान होडी चालवत आले. आधी मिठाच्या गोण्या, मग पलीकडच्या तीरावर जाणारी माणसं, मग रस्ते झाले, पूल झाले, तेव्हा नुसती मासळी. अठरा फुटांची होडी, एक डोलकाठी, एक शीड. बायजा दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. लग्न होऊन जोह्याला आली आणि गणपतीच्या सोंडा वळायला लागली. तिला होडी चालवता येते हे दिनानाथला लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

पुंडलिक गेले त्यानंतर आपल्याकडे सगळीकडे होतं तेच झालं. बहिणीने हक्कसोड लिहून द्यायचं. रोह्याच्या कचेरीत पोपटने कागद पुढे केला, शेत तुझं नाही, घर तुझं नाही, इथे सही कर. बायजाने सही केली. आपल्याकडे बहिणी करतातच. भावाने त्या दिवशी तिला मिसळ खाऊ घातली आणि साडी घेतली, तीही फॉल न लावलेली. सही केल्यावर बायजा एवढंच म्हणाली, "मला बाबाची होडी दे."

पोपट हसला. "घे की गो बाय. चुलीत घालायची हाय काय?"

होडी तेव्हा बांधावर पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यानंतर समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवाल्याने ती बघितली. त्याला थर्टीफर्स्टच्या पार्टीसाठी अशीच एक जुनी होडी हवी होती. मधोमध उभी करायची, तिच्यात बर्फ भरायचा आणि बर्फावर पापलेट, कोळंबी, कलिंगडाचे तुकडे मांडायचे. पोपटचा धंदा जागांच्या व्यवहाराचा. त्याच्या डोक्यात लगेच दिवा लागला. त्याने बायजाला फोन केला. म्हणाला, "बाय, मी होडी देतो म्हनालो होतो. होडी म्हंजे चालनारी. ही चालत नाय. मंग ती नुसती लाकडं झाली. नि लाकडं घराबरोबर माज्याकडं आयली."

"चालली त?"

"चालली त तुजी. शीड लावून पलीकडच्या काठाला लावून परत आन. माज्या डोळ्यांसमोर. थर्टीफर्स्टच्या आत."

बायजाने फोन ठेवला आणि अख्ख्या जोह्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तिच्या बाबाच्या होडीत कलिंगड कापलेलं ती जिवंतपणी बघणार नाही.

पुढच्या रविवारी माझ्या टेम्पोतून आम्ही तिघं रोह्याला गेलो. होडीचं अंग चांगलं होतं. पुंडलिकांनी वर्षानुवर्षं तेल पाजलेलं होतं. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून राळ भरायचं काम बायजाने स्वतः केलं आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पण वरचं सगळं सुटं सामान गेलेलं होतं. सुकाणूला आतून कीड लागून त्याची चाळण झाली होती. सुकाणू फिरवायचा दांडा मधोमध चिरलेला. शीड वर ओढायची लाकडी कप्पी फुटलेली, बसायची आडवी फळी कुजलेली. बायजा म्हणाली, "पलीकडच्या गावात हिरामणकाका हायेत, होड्यांचे मिस्त्री. त्यांना दाखवू."

दिनानाथने सुकाणूवरून अंगठा फिरवला. मला तो अंगठा माहीत होता.

"मिस्त्री कशाला?" तो म्हणाला. "मी हाय ना."

सगळं सामान जोह्याला आलं. तीन आठवडे तो त्याच्यामागे लागला. किडलेली भोकं, चिरा, कुजलेल्या जागा, सगळ्यांत त्याने आपलं प्रशस्तिपत्रवालं मिश्रण दाबून दाबून भरलं. कागदाचा लगदा, डिंक, खडूची पूड. वर पांढरा हात मारला, पॉलिश पेपरने घासलं, परत हात मारला. मग माझ्याकडून ऑइल पेंटचे डबे नेले आणि बारीक ब्रशने त्या लाकडावर लाकूड रंगवलं. सागवानाच्या रेघा, गाठी, एका ठिकाणी तर करवतीचा ओरखडासुद्धा. सागवानाला सागवानाचा रंग! दांड्याच्या टोकाला सोनेरी कडं काढलं. आणि जाता जाता होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे काढले, पापण्या आणि भुवयांसकट.

"होडीला भुवया कशाला?" बायजाने विचारलं.

"शोभा," तो म्हणाला.

आता माझं पाप सांगतो. डबे नेताना त्याने मला विचारलं होतं, "शेठ, आत लगदा हाय, वरून ऑइल पेंट मारला त पानी आत जानार नाय ना?" मी पस्तीस वर्षं रंग विकतोय. खिळा ठोकला की तिथून पाणी जातं हे मला कळायला हवं होतं. पण गिऱ्हाईक डबे काउंटरवर ठेवून उभं असताना दुकानदाराच्या तोंडून जे निघतं तेच निघालं. मी म्हणालो, "जाईल कुठून?" वर रंग झाल्यावर त्या सुकाणूचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी होडी पाण्यात उतरली. काठावर पोपट पांढरी पँट घालून, दोन फोन घेऊन उभा. गावातले पन्नासेक लोक. होडी अशी देखणी दिसत होती की पोपटनेसुद्धा एक फोन वर करून तिचा फोटो काढला. बायजा एकटीच आत बसली. दिनानाथ काठावर मोबाइल घेऊन शूटिंग करायला उभा राहिला; कारखान्यातून मूर्ती गेली की दारात उभा राहतो, अगदी तसाच. शीड चढलं, वारा भरला आणि होडी निघाली. बायजा त्या दांड्यावर हात ठेवून अशी बसली होती की हीच बाई रोज सकाळी नळावर भांडते हे खरं वाटेना.

नदीच्या मध्यापर्यंत गेली असेल. कोणीतरी म्हणालं, "मागं पांढरं काय येतंय?"

होडीच्या मागे पाण्यावर दुधाची रेघ उमटत होती. दिनानाथने मोबाइल खाली केला. पाणी बिजागरीच्या खिळ्यांतून आत शिरलं होतं आणि मिश्रण प्रशस्तिपत्रात लिहिल्याप्रमाणे वागत होतं. प्रशस्तिपत्रात तीन तास लिहिलं होतं, इथे वीस मिनिटांत झालं. आधी सुकाणू मऊ पडून खचलं, मग दांडा बायजाच्या हातात निघून आला. तिने शीड उतरवायला दोर ओढला, तर कप्पीतला लगदा फुगून दोर अडकून बसलेला. शीड उतरेना, होडी वळेना. वारा नेईल तिकडे होडी चालली. काठावर बायका ओरडायला लागल्या. मी चाळीस वर्षांत इतका घाबरलो नव्हतो. दिनानाथ पाण्याच्या कडेला गेला, घोट्यापर्यंत आत गेला, तिथेच थांबला आणि तिच्या नावाने हाका मारायला लागला.

बायजाने वल्हं घेतलं आणि भांडून भांडून होडी अर्धा किलोमीटर खाली चिखलात नेऊन रुतवली. मग मांडीपर्यंतच्या चिखलातून चालत आली. हातात तो दांडा होता. सोनेरी कडं शाबूत होतं, बाकी सगळा काला. दिनानाथच्या पुढ्यात तिने तो टाकला आणि म्हणाली, "अवो, विसर्जन झालं."

पोपट इतका हसला की त्याच्या हातातला एक फोन चिखलात पडला. "दाजी, पुढच्या वर्षी लवकर या!" असं म्हणून त्याने अख्ख्या गावाला हसवलं. मग मोठ्या मनाने म्हणाला, "थर्टीफर्स्टला अजून येळ हाय. रिसॉर्टवाल्याला पन भुवया आवडतील."

परत येताना टेम्पोत, नागोठण्याजवळ बायजा एवढंच म्हणाली, "मी बुडले असते त तुमी काठावर शूटिंग करत बसला असता." दिनानाथ खिडकीकडे तोंड करून बसला. तो रडत होता. मीही रस्त्याकडे बघत गाडी चालवली, कारण ऑइल पेंट माझा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखाना पुतण्यावर सोपवला, सामान गोणीत भरलं आणि एसटीने हिरामण मिस्त्रीकडे गेला. माघी गणपतींच्या ऑर्डरी अंगावर असताना! मी चार दिवसांनी अळशीचं तेल घेऊन गेलो तेव्हा तो मिस्त्रींच्या पडवीत बसून खरवडत होता.

हिरामण मिस्त्रींचं वय अठ्ठ्याहत्तर. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं, त्यामुळे दहा वर्षांच्या शिव्या साचून राहिल्या होत्या. त्या सगळ्या दिनानाथला मिळाल्या.

"यो कोनी केलाय?" पहिल्या दिवशी सुकाणू हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं.

"मीच. मी मूर्तिकार हाय."

"मंग देवालाच चालवायला दे."

पहिले चार दिवस त्यांनी त्याला फक्त स्वतःचा रंग खरवडायला लावलं. सागवानाच्या रेघांखालचा पांढरा हात, त्याच्याखालचा लगदा, त्याच्याखालची कीड. खराब भाग काढता काढता सुकाणू निम्मं राहिलं. दिनानाथचा हात सारखा शिवशिवत होता. एवढंसं भोक दिसलं तरी काहीतरी भरावंसं वाटायचं. मिस्त्री लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा त्याच्या हातावर मारायचे. "लाकडात लाकूडच भरायचं. दुसरं काय भरलंस त हात तोडीन."

कुजलेला भाग चौकोनी कापून काढायचा, त्याच मापाचा जुन्या सागाचा तुकडा घासून घासून तिथे बसवायचा आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकायच्या. खाचेला काजळ लावायचं, तुकडा दाबून बघायचा, तुकड्यावर जिथे काळं उमटेल तिथे तो अडतोय असं समजायचं आणि तेवढंच तासायचं. हे काम दिनानाथला जमलं. नुसतं जमलं नाही, मिस्त्रींपेक्षा बरं जमलं. ज्या डोळ्यांनी त्याने पन्नास हजार गणपतींच्या बाहुल्या सरळ आहेत का ते बघितलं, त्यांना केसाएवढी फट दिसत होती. मिस्त्रींना ती दिसत नव्हती. मिस्त्रींनी हे कबूल केलं नाही. फक्त एके दिवशी चहा देताना त्याला बशी दिली, आधी नुसता कप देत होते.

दांडा बाभळीचा केला, मुळातच वाकलेल्या फांदीचा. कप्पीचं चाक शिसवीचं. बसायची फळी नवी. तेलाशिवाय कशालाही काही लावायचं नाही. म्हणजे एवढ्या सगळ्या उद्योगात माझ्या दुकानातला फक्त अळशीच्या तेलाचा एक डबा खपला. मी मिस्त्रींना म्हटलं, "निदान वार्निश तरी?" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी घरी सांगितलेली नाही.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पडवीत मिस्त्रींनी दिनानाथला विचारलं, "काय रे, तुज्या गनपतीचं पुढं काय होतं, तू बघाया जातोस काय?"

"नाय."

"का?"

नेहमीचं उत्तर यायला हवं होतं. ते आलं नाही. दिनानाथ रंधा खाली ठेवून म्हणाला, "एकदा गेलो व्हतो. चौदा वर्षांचा असताना. पयल्यांदा मी काढलेले डोळे व्हते. पान्यात ठेवल्यावर पयले डोळेच जेले. मंग परत नाय जेलो."

मिस्त्रींनी तो रंधा उचलून त्याची धार अंगठ्याने बघितली. मग म्हणाले, "तुमच्यात माल पान्यात जेला की काम संपतं. आमच्यात तवा सुरू होतं. म्हनून आमच्यात एक रीत हाय. ज्यानी सुकानू बसवलं, त्यानी पयल्या फेरीला आत बसायचं. काठावरून नाय बघायचं."

"मला पोहता येत नाय."

"मंग त काम आनखीन चांगलं होईल."

डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, सकाळची वेळ. भरती पुरी झाली होती आणि मतलय, म्हणजे जमिनीकडून येणारा सकाळचा वारा, नदीवर आडवा वाहत होता. पोपटने या खेपेला रिसॉर्टचा टेम्पोच आणून ठेवला होता, ड्रायव्हर आणि दोन हमालांसकट. बायजाने आदल्या आठवड्यात होडीच्या भुवया स्वतः घासून काढल्या होत्या. डोळे तेवढे ठेवले. सुकाणूवर नव्या-जुन्या लाकडाचे तुकडे वेगवेगळ्या रंगांचे दिसत होते, दांडा वाकडा, कुठे एक रेघ सरळ नाही. गावाने नाकं मुरडली.

दिनानाथ आला तो कमरेला दोन डबे बांधून. वीस लिटरचे, प्लास्टिकचे, झाकणं घट्ट लावलेले. डबे माझ्याच दुकानातले होते आणि त्यांच्यावर कंपनीचं हसरं कुटुंब छापलेलं होतं. लोक हसून हसून बसले. हिरामण मिस्त्री काठी टेकत पुढे आले. हसले नाहीत.

"तुज्या कामावर तुजाच इस्वास नाय?"

"कामावर हाय. पान्यावर नाय."

"पान्यावर कोनाचाच नसतो. डबे सोड."

दिनानाथ बायजाकडे बघत राहिला. ती होडीत बसून दोर सारखे करत होती. तिने वर बघितलं नाही, त्याला या म्हणाली नाही आणि राहू द्या असंही म्हणाली नाही. मला वाटतं, त्या घटकेला तिला होडीपेक्षा हेच बघायचं होतं. दिनानाथने गाठी सोडायला घेतल्या. दुसरी सुटेना, ती मला सोडावी लागली. मग तो पाण्यात उतरला, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, आणि होडीच्या काठाला लटकून कसाबसा आत पडला.

शीड चढलं. शिसवीची कप्पी जरा कुरकुरली आणि दोर सरळ वर गेला. होडी निघाली. मी सगळा वेळ होडीच्या मागच्या पाण्याकडे बघत होतो. पाणी पाण्याच्या रंगाचं होतं. नदीचा मध्य आला आणि गेला. पलीकडच्या काठाला होडीची नाळ टेकली तेव्हा इकडून ऐकू आलं नाही, पण दिनानाथने दोन्ही हात वर केले ते दिसलं, आणि लगेच घाबरून परत फळी धरली तेही दिसलं. बायजाने होडी वळवली. परत येताना निम्म्या वाटेवर ती जागची उठली आणि तिने त्याला दांड्याशी बसवलं. त्याचा हात दांड्यावर, तिचा हात त्याच्या हातावर. काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पोपटने फोनवर रिसॉर्टवाल्याला सांगितलं, "जरा थांबा."

होडी चिखलाला लागली. दिनानाथ उतरला आणि कोणाशी न बोलता आधी मागे गेला. सुकाणूच्या एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. मग दांडा, मग फळी. मला म्हणाला, "शेठ, सगळं हाय." मला हसू आलं नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला मिठी मारली आणि माझा चांगला शर्ट चिखलात घातला.

पोपट पुढे झाला. शब्दाचा पक्का माणूस, पण तोंड काही बंद राहत नाही. "बरं बाय, झाली तुजी. पन रंग दे गो हिला. सुकानू कसं गोधडीवानी दिसतंय. दाजी, मारा की जरा फिनिशिंग."

"नाय मारनार," दिनानाथ म्हणाला.

बायजा अजून होडीतच उभी होती. ती पोपटला म्हणाली, "मागितली असतीस त दिली असती रे. जमिनीवर सही केली तवा मी इचारलं काय, कशाला म्हनून? भावाला पायजे, दिली. ही पन दिली असती. रडले असते, नि दिली असती. तू मागितली नायस. बाबाची होडी चालत नाय म्हनालास."

टेम्पोच्या ड्रायव्हरने वरून ओरडून विचारलं, काय भरायचं ते सांगा, परत जायला उशीर होतो. पोपटने त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं. तो त्या ठिगळांच्या सुकाणूकडे बघत राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड शाळेत नापास झालेल्या पोरासारखं झालं होतं.

बायजा आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बसा. गावच्या जेटीला नेऊन लावू, ओहोटी लागंल आता." दिनानाथ या वेळी काही न बोलता पाण्यात उतरला आणि चढून बसला. पण होडी चिखलात जरा जास्तच वर चढली होती. तिला पाण्यात लोटायला मी एकटा पुरा पडेना, आणि मिस्त्री काठीवर उभे.

पोपटने दोन्ही फोन माझ्या हातात दिले. चपला काढल्या, पांढरी पँट होती तशीच चिखलात घातली आणि बहिणीच्या होडीला खांदा लावला.